सुपर बोलचा रविवार: शंभर विंग्स, एक ओव्हन आणि खिम्याचं पातेलं

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्वयंपाक-गटासाठी हे टिपण लिहिलं आहे. प्रसंग खरा आहे, नावं दिलेली नाहीत. यजमानाला मी दादा म्हणते, त्याच्या बायकोला वहिनी आणि आईला काकू, म्हणून इथेही तेच. त्या दिवशी मी पाहुणी होते आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर माझ्या पर्समध्ये होता. त्यामुळे झालेल्या चुकांतल्या दोन माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

९ फेब्रुवारी २०२५. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, न्यू ऑर्लिन्समध्ये: फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. दादाचं घर न्यू जर्सीत, फिलाडेल्फियापासून अर्ध्या तासावर. म्हणजे गल्लीत दर तिसऱ्या घरावर हिरवा झेंडा. सामना संध्याकाळी साडेसहाला, माणसं बावीस. निम्मी आपली मराठी, निम्मी दादाच्या ऑफिसातली. त्यात एक सात महिन्यांची गरोदर मैत्रीण, तीन लहान मुलं आणि पंचाहत्तरीच्या काकू.

बेत असा: चिकन विंग्स दहा पौंड, म्हणजे शंभराच्या आसपास तुकडे. निम्म्या तिखट बफेलो सॉसच्या, निम्म्या काकूंच्या मालवणी मसाल्याच्या. टर्कीचे मीटबॉल्स चार पौंड. बकऱ्याचा खिमा सहा पौंड आणि पाव. शिवाय मुलांसाठी पिठात गुंडाळलेले छोटे सॉसेज. विंग्सशिवाय सुपर बोल म्हणजे तिळगुळाशिवाय संक्रांत. १९६४ मध्ये बफेलो शहरातल्या अँकर बारमधून निघालेला हा पदार्थ आता या रविवारचा मानकरी आहे.

साधनं: एक ओव्हन, चार शेगड्यांचा काचेचा स्टोव्ह, एक स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं. फ्रिज एकच, आणि त्यातला खालचा पूर्ण कप्पा बियरने व्यापलेला. हा शेवटचा तपशील तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

आपल्या स्वयंपाकात मांसाचं तापमान कुणी मोजत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. मटण कुकरमध्ये जातं, तिथे वाफेच्या दाबाखाली १२० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजतं. खिमा तेल सुटेपर्यंत परततो आणि मग अर्धा तास रटरटू देतो. शिट्टी, तवंग, हाडापासून सुटणारं मांस या आपल्या खुणा आहेत, आणि त्या दिसेपर्यंत पदार्थ सुरक्षित तापमानाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. थर्मामीटर न लावता पिढ्या जेवल्या त्या याच जोरावर.

ओव्हनमध्ये या खुणा फसवतात. कोरडी उष्णता बाहेरून आत जाते. वरचं कातडं खरपूस होतं तेव्हा हाडाजवळचं मांस कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. त्यात हळद आणि काश्मिरी मिरची लावलेली असली की रंगाचा प्रश्नच मिटतो. कच्चंही पिवळं-लाल आणि शिजलेलंही पिवळं-लाल.

अमेरिकी कृषी खात्याचे आकडे साधे आहेत. कोंबडी आणि टर्की, अख्खी असो, तुकडे असोत वा खिमा, आतून १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस). बकरी, मेंढी, डुक्कर, गाय यांचा खिमा १६० (७१ सेल्सिअस). याच जनावरांचा अखंड तुकडा असेल तर १४५ (६३ सेल्सिअस) आणि वर तीन मिनिटं विश्रांती. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, दळलं की ते आतवर मिसळतात, म्हणून हा फरक. आणि शिजलेलं अन्न ४० ते १४० अंशांच्या मधे, म्हणजे ४ ते ६० सेल्सिअसमध्ये, दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. त्या दिवशी आम्हाला अडवलं ते या शेवटच्या वाक्याने.

पहिला निर्णय: गोठलेली पिशवी आणि काकूंचा नळ

विंग्सची पिशवी दादाने शुक्रवारी रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवली होती. रविवारी दुपारी बारा वाजता मधला गोळा अजून बर्फ. ओट्यावर ठेवून देणे हा सगळ्यांच्या मनातला पहिला उपाय, पण बाहेरचे तुकडे खोलीच्या तापमानाला येऊन बसतात तोवर आतला बर्फ तसाच असतो. आम्ही बंद पिशवी सिंकमध्ये गार पाण्यात बुडवली आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदललं. दीड तासात तुकडे सुटे झाले.

मग काकूंनी बाह्या सरसावल्या. "आता धुऊन घेते."

मी म्हणाले, "काकू, धुवायचं नाही म्हणतात. शिंतोडे उडतात, बाजूला कोथिंबीर आहे, सॅलड आहे."

"न धुता चिकन? शी! आमच्याकडे कुत्र्याला पण असं देत नाहीत."

हा वाद आकड्यांनी जिंकता येत नाही. धुण्याने जंतू जात नाहीत, ते सिंकभर पसरतात, हे खरं. पण काकूंसाठी धुणं म्हणजे स्वच्छता नव्हे, मांसाला हात लावण्याची परवानगी आहे. वहिनीने मधला मार्ग काढला. तुकडे कागदी टॉवेलने टिपून मोठ्या परातीत घेतले आणि काकूंच्या हाती मीठ, हळद, लिंबू दिलं. नळ बंद. काकूंनी चोळलं, मुरवलं, वास गेला म्हणाल्या. नंतर सिंक साबणाने घासून घेतलं. मंडळाच्या स्वयंपाकघरातही मी आता हाच मार्ग सुचवते. "धुवू नका" म्हटलं की बायका माझी पाठ वळल्यावर धुतात.

मीटबॉल्सचं काम बिनबोभाट झालं. साडेतीनला ओव्हनमध्ये, आतून १६५ दिसल्यावर बाहेर, मग गरम सॉससकट स्लो कुकरमध्ये. "वॉर्म" हे बटण गरम ठेवण्यासाठी असतं, शिजवण्यासाठी नाही, हे दादाला माहीत होतं. पण यामुळे घरातला एकमेव स्लो कुकर गुंतला. खिमा पावणेपाचला तयार झाला, काकूंनी शेगडी बंद केली, झाकण लावलं आणि ऊब राहावी म्हणून वर जाड टॉवेल घातला. मंद आचेवर का नाही ठेवला? काचेच्या स्टोव्हवर बूड लागतं म्हणून.

दुसरा निर्णय: सव्वासहा वाजता

विंग्सचे दोन भरगच्च ट्रे साडेपाचला ४२५ अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये गेले, एक वरच्या रॅकवर, एक खालच्या. कोपऱ्यात सॉसेजचा छोटा ट्रेही खुपसला. एका ट्रेला पाऊण तास पुरतो हे दादाला अनुभवाने माहीत होतं. इथे तिप्पट माल होता आणि पाहुण्यांना वास दाखवायला दार चारदा उघडलं गेलं.

सव्वासहाला वरचा ट्रे सोनेरी. दादा ओव्हन-मिट घालून तयार. "झालंय की! बघ ना रंग." काट्याने टोचलं, रस लाली नसलेला, स्वच्छ आला. खालच्या ट्रेमधला तुकडा टोचला, त्याचाही रस जवळजवळ स्वच्छच.

मी थर्मामीटर काढला. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ३२ दाखवतो का ते पाहिलं, ३३ दाखवला, चालतं. विंगमध्ये टोक घालणं हे कसबाचं काम आहे. जाड बाजूने, आडवं, हाडाला न टेकवता. हाडाला टेकलं की आकडा मांसाचा राहत नाही. खालच्या ट्रेमधले तीन तुकडे: १४४, १४९, १३९. वरच्या ट्रेमधले: कडेचा १७१, त्याच्या शेजारचा १६८, मधला १६२.

मधला तुकडा दिसायला कडेच्या तुकड्याइतकाच सोनेरी होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तर मलाही ओळखता आला नसता.

इथेच माझी पहिली चूक. १३९ वाला तुकडा तपासल्यावर थर्मामीटरची तीच सळई न पुसता मी वरच्या ट्रेमध्ये खुपसली. अर्धंकच्चं तपासलेली सळई शिजलेल्यात घातली की जे टाळायचं तेच आपण हाताने करतो. वहिनीच्या लक्षात आलं. "अगं, ती धू तरी आधी." सुदैवाने वरचा ट्रेही परत आत जाणार होता.

पर्याय चार होते. पहिला, सगळं बाहेर काढायचं आणि सामना सुरू होताना वाढायचं. दादाचं मन तिकडे होतं, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी होती. बाहेर सोळा माणसं बियर घेऊन उभी, पंधरा मिनिटांत किक-ऑफ. दुसरा, वरच्या ट्रेमधले शिजलेले निवडून वाढायचे. पण निवडणार कसे? पन्नास तुकड्यांत सळई खुपसत बसायचं? तिसरा, खालचा ट्रे मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचा. त्यात कुठे गरम, कुठे गार असा ठिगळाठिगळाचा ताप येतो आणि कातडं रबरासारखं होतं. चौथा, ट्रेंची अदलाबदल करून वेळ द्यायचा.

दादाच्या ऑफिसातले एक गृहस्थ स्वयंपाकघरात आले होते. ते म्हणाले, त्यांच्या आईच्या जुन्या पुस्तकात कोंबडीला १८० लिहिलंय, मग हे १६५ कुठून आलं? पुस्तकही बरोबर आहे. कृषी खात्याने २००६ मध्ये कोंबडीच्या सगळ्या भागांसाठी एकच किमान आकडा ठरवला, १६५. सुरक्षिततेसाठी तो पुरतो. पण विंगमध्ये हाडं, कातडं, चिवट धागे जास्त. १७५ ते १९० पर्यंत गेली की ते धागे विरघळतात आणि मांस हाडावरून अलगद सुटतं. छातीचा तुकडा १६५ च्या वर कोरडा पडतो, विंग उलट चविष्ट होते.

हे कळल्यावर वादाचा मुद्दाच उरला नाही. थांबण्यात तोटा काहीच नव्हता. वरचा ट्रे खाली, खालचा वर, तळाला साचलेलं पाणी ओतून टाकलं, सॉसेज काढून घेतले. दहा मिनिटांनी मूळचा वरचा ट्रे बाहेर आला, सहा तुकड्यांत सगळ्यात कमी आकडा १७४. दुसऱ्याला आणखी पंधरा मिनिटं लागली. तोवर किक-ऑफ झाला होता आणि लोक मीटबॉल्स खात होते. विंग्स उशिरा आल्या हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन छोट्या गोष्टी याच गडबडीत झाल्या. दादा परातीत उरलेलं मालवणी मुरवण ब्रशने तयार विंग्सवर लावायला निघाला होता. त्यात तीन तास कच्चं चिकन होतं. वहिनीने परात हातातून काढून घेतली, सॉस वेगळा केला. आणि गरोदर मैत्रिणीने सॉसेजबद्दल विचारलं. ते आधीच शिजवलेले असतात, पण लिस्टेरिया या जंतूच्या भीतीने गरोदर बाईने वाफ येईपर्यंत तापवलेलेच खावेत. आकडा १६७ होता, तो तिला दाखवला. तिने चार खाल्ले.

मग मालवणी विंग्सची एक बशी परत आली. हाडाजवळ लालसर, जवळजवळ जांभळं. "हे कच्चं आहे." त्याच तुकड्यात सळई घातली: १७८. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजताना बाहेर झिरपतो, मांस पूर्ण शिजलं तरी तो तसाच दिसतो. म्हणजे एकाच संध्याकाळी सोनेरी तुकडा कच्चा निघाला आणि लाल तुकडा शिजलेला. पाहुण्याने आकडा पाहिला, मान डोलावली आणि तरीही दुसरा तुकडा घेतला.

तिसरा निर्णय, जो घेतलाच नाही

मध्यंतर झालं तेव्हा ईगल्स २४–० ने पुढे. घरात नुसता गोंधळ. मी पावासाठी खिमा घ्यायला गेले आणि सहज म्हणून पातेल्यात सळई घातली. ११६ अंश. म्हणजे ४७ सेल्सिअस.

हा आकडा वाईट आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात, आणि मांस हळूहळू निवायला लागलं की जागे होतात. ४३ ते ४७ अंश सेल्सिअस हे त्यांचं आवडतं हवामान, तिथे ते दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. मोठं पातेलं, घट्ट झाकण, वर टॉवेल. आम्ही त्यांना शेक देऊन ठेवला होता.

त्या क्षणी पर्याय होता आणि सोपा होता. पातेलं साडेसहाच्या सुमाराला वाढताना वाफाळत होतं, म्हणजे १४० च्या खाली जाऊन दोन तास व्हायचे होते. शेगडी लावून ढवळत १६५ ला न्यायचं, दहा मिनिटांचं काम. मग एकतर गरम ठेवायचं, नाहीतर उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये.

मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता कुणी खात नाहीये गं. नंतर तापवू." बाहेर मध्यंतराचा शो सुरू झाला होता. मी झाकण लावलं आणि बाहेर गेले. ही माझी दुसरी चूक, आणि मोठी. विंग्सच्या वेळी मी पंधरा मिनिटं भांडले, कारण तिथे कच्च्या चिकनची भीती सगळ्यांनाच होती. खिमा "शिजलेला" होता, म्हणून माझाही आवाज चढला नाही.

दहा वाजून गेल्यावर सामना संपला, ४०–२२. पातेल्यात अर्धा खिमा शिल्लक, तापमान ९६ अंश. आपल्या अंगाइतकं.

शेवटचा निर्णय

काकू डबे काढत होत्या. "उद्या चांगला उकळून घेऊ, पॅटिस करू."

मी म्हणाले टाकावा लागेल. त्या थांबल्या. तीन पौंड खिमा. दोन तास उभं राहून केलेला, वाटण स्वतः भाजलेलं. "अन्न टाकायचं? उकळल्यावर काय राहतं त्यात?"

प्रश्न योग्य होता. उकळीने वाढलेले जंतू मरतात. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात, आणि त्यातलं काही उकळूनही जात नाही. पातेल्यात नेमकं काय वाढलं होतं ते घरी कळायला मार्ग नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. घरात तीन मुलं आणि खुद्द काकू. दादा दोघींकडे बघत राहिला, मग त्याने पातेलं उचललं आणि मागच्या दाराने नेलं. मधेच कुणीतरी गॅरेजमध्ये ठेवायचं सुचवलं होतं, बाहेर थंडी आहेच म्हणून. पण गरम पातेलं थंड गॅरेजमध्येही मधून तासन्‌तास कोमट राहतं, आणि गॅरेज किती थंड आहे ते कुणी मोजत नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. रिकामं पातेलं त्यांनी स्वतः घासलं, दोनदा.

निष्पत्ती

कुणी आजारी पडलं नाही. मंगळवारपर्यंत दादाने सगळ्यांना विचारलं. यावरून आम्ही बरोबर होतो असं मात्र ठरत नाही. मध्यंतरानंतर दोघा-तिघांनी त्याच कोमट पातेल्यातून वाढून घेतलं होतं, ते मला नंतर कळलं.

आज वेगळं काय केलं असतं

दादाच्या मते मूळ दोष ओव्हनचा. शेजाऱ्याचा एअर फ्रायर आणला असता तर सगळं वेळेत झालं असतं. मला ते पटत नाही. विंग्स पंचवीस मिनिटं उशिरा आल्या, एवढंच. ट्रे अर्धे भरून दोन खेपांत भाजले असते तरी काम झालं असतं. पहिली खेप पाहुणे येण्याआधी आतून १६५ ला न्यायची, दुसरी आत असताना पहिली वाढायला घ्यायची.

खरी चूक दुपारी बेत लिहितानाच झाली. प्रत्येक पदार्थ कधी शिजणार हे कागदावर होतं, शिजल्यावर चार तास कुठे राहणार हे नव्हतं. सामना जवळजवळ चार तास चालतो, लोक एकदा बसून जेवत नाहीत, येता-जाता खातात. लग्नाच्या पंगतीला जे भांडं तासाभरात रिकामं होतं ते इथे रात्रभर उघडझाक होत राहतं. स्लो कुकर खिम्याला द्यायला हवा होता. मीटबॉल्स थोडे थोडे गरम करून आणता आले असते. आणि बियर गॅरेजमध्ये गेली असती तर फ्रिजचा एक अख्खा कप्पा मोकळा होता.

मध्यंतराला गजर लावणं हाही उपाय मी मंडळात सुचवला आहे. मोबाइलवर साडेआठचा गजर, आणि तो वाजला की जे बाहेर आहे ते एकतर शेगडीवर नाहीतर फ्रिजमध्ये. गजराशी वाद घालत कुणी बसत नाही, माझ्याशी घालतात.

पुढच्या वर्षी खिमा दोन छोट्या पातेल्यांत करायचा असं ठरलंय, एक बाहेर, दुसरं उथळ डब्यांत निवून फ्रिजमध्ये, मध्यंतराला तापवायला. दुसरं पातेलं कुठलं घ्यायचं यावर काकू आणि वहिनी यांचं अजून एकमत झालेलं नाही.